लपवलेलं पाप, कबुली आणि क्षमा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातल्या आमच्या छोट्या प्रार्थनागटाकडे हे प्रश्न येत राहतात. काही उपासनेनंतर हातात दिलेल्या चिठ्ठीतून येतात, बरेचसे रात्री अकरानंतर व्हॉट्सॲपवर. "एका मैत्रिणीसाठी विचारतेय" अशी सुरुवात असलेले तर कितीतरी. विचारणाऱ्याची ओळख पटेल असं काहीही इथे ठेवलेलं नाही. मी पाळक (प्रोटेस्टंट धर्मगुरू) नाही, फादरही नाही. मंडळीच्या (आमच्या चर्चच्या) कमिटीत काही वर्षं काम केलेला एक विश्वासी आहे. जिथे माझं स्वतःचं मत आहे तिथे तसं सांगितलं आहे.

१. देवाला सगळं माहीतच आहे ना? मग त्याला सांगायचं काय?

देवाला बातमी मिळावी म्हणून कबुली द्यायची नसते. एदेन बागेत आदाम झाडांमागे लपला तेव्हा देवाने विचारलं, तू कुठे आहेस? तो कुठे आहे हे देवाला दिसत होतं. बाहेर येऊन बोलायची संधी तो आदामाला देत होता. आदामाने बायकोकडे बोट दाखवलं आणि तिने सापाकडे. कबुली देताना हे बोट मागे वळवायचं असतं. वाक्य "मी" पासून सुरू करायचं आणि त्यात "पण" येऊ द्यायचा नाही.

दाविदाच्या ३२ व्या स्तोत्रात गप्प राहण्याचे परिणाम लिहिले आहेत. तोंड मिटून ठेवलं तेव्हा हाडं झिजली, उन्हाळ्याच्या तापाने ओल आटावी तसा अंगातला जोर आटला, असं तो म्हणतो. नागपुरात मे महिना काढलेल्या माणसाला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही. लपवलेलं पाप माणसाला असंच आतून सुकवतं. प्रभुभोजनाच्या रविवारी नेमकं गावाला जायचं निघतं, घरात कुणी फोन हातात घेतला की छातीत धस्स होतं, गाण्यात आवाज लागत नाही. एकट्याने जपलेलं ते ओझं कुणाच्या तरी समोर खाली ठेवणं, याला मी कबुली म्हणतो.

२. मनातल्या मनात "सॉरी देवा" म्हटलं तर चालत नाही का?

चालतं. १ योहान १:९ मधलं क्षमेचं वचन पाप कबूल करणाऱ्या प्रत्येकासाठी आहे, तिथे मोठ्याने बोलायची अट नाही. पण काय झालं ते नाव घेऊन म्हणा. "माझ्या हातून काही चुकलं असेल तर" ही कबुली नव्हे. "मी आईच्या सहीने पैसे काढले" ही कबुली आहे.

पस्तावा आणि पश्चात्ताप यांतही फरक आहे. पकडले जाऊ या भीतीने येतो तो पस्तावा. पश्चात्तापात माणूस वळतो, पाय दुसऱ्या वाटेवर टाकतो. पौलाने २ करिंथ ७:१० मध्ये हा फरक स्पष्ट केला आहे.

आता येशूला पकडून देणाऱ्या यहूदा या शिष्याकडे बघा. त्याला वाईट वाटलं, चांदीची ३० नाणी त्याने परत नेऊन दिली, "मी पाप केलं" असं स्पष्ट म्हणालाही. पण म्हणाला कुणाला? ज्यांनी त्याला विकत घेतलं होतं त्याच याजकांना. त्यांनी उत्तर दिलं, आम्हाला त्याचं काय, तुझं तू बघ. येशूला पकडलं त्या रात्री पेत्र या शिष्यानेही प्रभूला नाकारलं होतं. तो रडला, पण बाकीच्या शिष्यांतच राहिला आणि नंतर प्रभू त्याला तिथेच भेटला. म्हणून कबुली कुणासमोर द्यायची हा प्रश्न मी किरकोळ मानत नाही. पुढचे तीन प्रश्न त्याबद्दलच आहेत.

३. आम्ही सीएनआयचे, सून कॅथलिक. ती म्हणते फादरकडे गेल्याशिवाय क्षमा नाही. खरं काय?

हा प्रश्न नागपुरात येणारच. २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) स्थापन झालं ते याच शहरात, ऑल सेंट्स कॅथेड्रलला. त्यामुळे आमच्या एकाच बाकावर कुणाचे आजोबा अँग्लिकन, कुणाचे स्कॉटिश मिशनचे, आणि सदर भागातल्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स या कॅथलिक चर्चला जाणारी सून. प्रत्येकाच्या कानावर लहानपणापासून वेगळं पडलेलं असतं.

कॅथलिक शिकवणीत पापांगीकार (कन्फेशन) हा संस्कार आहे. त्याला योहान २०:२३ चा आधार दिला जातो, जिथे पुनरुत्थित येशू शिष्यांना पापांची क्षमा करायचा अधिकार देतो. गंभीर पापं वर्षातून एकदा तरी फादरसमोर सांगावीत हा नियम १२१५ च्या लॅटरन परिषदेपासून आहे. सुनेच्या दृष्टीने ती बरोबर सांगते आहे.

प्रोटेस्टंट शिकवणीत ख्रिस्त हाच मध्यस्थ आहे. म्हणून रविवारच्या उपासनेत सगळी मंडळी मिळून पापांची कबुली म्हणते आणि पाळक क्षमेचं वचन ऐकवतात. पण खाजगीत पाळकाकडे जाण्याची वाटही बंद नाही. याकोब ५:१६ तर एकमेकांजवळ पापं कबूल करा असंच सांगतं. अँग्लिकन मंडळींत एक जुनं वचन आहे: सगळे जाऊ शकतात, काहींनी जावं, जायलाच हवं असं कुणीच नाही. माझं मत विचाराल तर त्या "काहींत" आपण धरतो त्याहून जास्त लोक बसतात. रविवारच्या सामुदायिक कबुलीमागे मी वर्षानुवर्षं लपलो आहे. ते कसं, हे प्रश्न ८ मध्ये आहे.

४. फादर किंवा पाळक हे दुसऱ्या कुणाला सांगणार नाहीत कशावरून? सदरला बोललेलं मार्टिननगरला पोचायला वेळ लागत नाही.

कॅथलिक फादरच्या बाबतीत पापांगीकाराची गुप्तता मोडता येत नाही. कुणाच्या जिवाचा प्रश्न असला, कोर्टाने विचारलं, तरी चर्चच्या कायद्यात सूट नाही. जाणूनबुजून उघड करणारा फादर त्याच क्षणी बहिष्कृत ठरतो. ऐकलेलं वापरून तुमच्याशी नंतर वेगळं वागायचीही त्याला मुभा नाही. ओळखीचा फादर नको असेल तर दुसऱ्या पॅरिशमध्ये जा. त्यात अपमान कुणाचाच नाही, आणि जाळीच्या आडून बोलता येतं.

पाळकाच्या बाबतीत इतकी कडक शिक्षा लिहिलेली नाही. तिथे माणूस बघावा लागतो. माझी कसोटी सोपी आहे. तो तुमच्यासमोर दुसऱ्यांच्या गोष्टी "फक्त प्रार्थनेसाठी" म्हणून सांगत असेल, तर तुमचीही उद्या कुणाला तरी प्रार्थनेसाठीच सांगेल. अशा ठिकाणी बोलू नका. प्रार्थनागटातल्या कुणाकडे बोलायचं असेल तर एकाच माणसाकडे बोला, आणि बाईने शक्यतो बाईकडेच. एक अपवाद आहे, तो प्रश्न १२ मध्ये.

५. वीसेक वर्षांनी कन्फेशनला जाऊन राहिलो. काय म्हणायचं तेच विसरलो.

दारातच तेवढं सांगा: "फादर, वीस वर्षं झाली, मला शब्द आठवत नाहीत." पुढचं ते बघतील. तुम्ही पापं सांगायची, गंभीर असतील त्यांचा प्रकार आणि अंदाजे किती वेळा. कहाणी लांबवायची गरज नाही, दुसऱ्याचं नाव घ्यायचीही नाही. ते काही विचारतील, प्रायश्चित्त म्हणून एखादी प्रार्थना किंवा कृती देतील, तुम्ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणाल आणि ते क्षमेचे शब्द उच्चारतील. ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या शेवटच्या आठवड्यात रांगा मोठ्या असतात. वीस वर्षांचं घेऊन जाताय, तर एरवी फोन करून वेळ मागून घ्या.

६. चार पापं सांगितली, पाचवं लाजेने गिळलं. बाकी चारांची तरी क्षमा झाली का?

कॅथलिक शिकवणीप्रमाणे गंभीर पाप मुद्दाम दडवलं तर तो पापांगीकारच पूर्ण होत नाही. पुन्हा जाऊन ते पाचवं, आणि मागच्या वेळी ते लपवलं हेही सांगावं लागतं. खरोखर विसरलं असेल तर गोष्ट वेगळी. त्याचीही क्षमा झालेली असते, आठवल्यावर पुढच्या वेळी सांगायचं. प्रोटेस्टंट वाचकांना मी एवढंच म्हणेन की जे गिळलं जातं, बहुतेक वेळा त्याच्यासाठीच आपण आलेलो असतो.

७. फोनवर कबुली चालते का?

कॅथलिक संस्कार फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर होत नाही, समोर जावं लागतं. पाळकाशी किंवा विश्वासू माणसाशी फोनवर बोलायला हरकत नाही. मेसेजमध्ये मात्र लिहू नका. बोललेला शब्द ऐकणाऱ्याजवळ राहतो, लिहिलेल्याचा स्क्रीनशॉट निघतो.

८. भिशीचे पैसे मी वापरले आणि कुणाला कळायच्या आत परत ठेवले. आता कुणाचंच नुकसान नाही. तरी सांगायचं?

याचं उत्तर मी माझ्यावरून देतो.

आमच्या मंडळीत हार्वेस्टच्या सणाला घराघरांतून आलेल्या वस्तूंचा लिलाव होतो. एका वर्षी ते पैसे माझ्याकडे होते. मुलाची फी भरायची होती, मी त्यातले साडेतीन हजार उचलले आणि चार महिन्यांनी परत ठेवले. हिशेब जुळला. मीही तुमच्यासारखंच म्हणालो की नुकसान कुणाचं झालं?

त्या चार महिन्यांत एकदा पेटी मोजली गेली होती आणि पैसे कमी भरले होते. संशय चौकीदारावर गेला. त्यांना कुणी काही बोललं नाही, फक्त किल्ल्या काढून घेतल्या. पैसे नंतर मिळाले तेव्हा "मोजण्यात चूक झाली असेल" म्हणून विषय संपला. किल्ल्या काही त्यांना परत मिळाल्या नाहीत. नऊ वर्षं मी दर रविवारी त्यांच्या समोरून आत जाऊन सगळ्यांबरोबर पापांची कबुली म्हणत होतो.

शेवटी बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायाने मला अडवलं. शेजाऱ्याचं घेतलेलं मूळ रकमेत एक पंचमांश घालून परत करावं, आणि ज्याचं आहे त्यालाच द्यावं, असं तिथे आहे. साडेतीन हजारांचे सातशे मी काढले, पण ते कुणाला द्यायचे? मंडळीचे पैसे मंडळीला केव्हाच मिळाले होते. ज्यांचं देणं राहिलं होतं ते चौकीदार होते, आणि त्यांचं चांगलं नाव मी हिरावून घेतलं होतं.

मी त्यांच्या घरी गेलो आणि सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मले सांगून काय होते? जिथं किल्ल्या काढल्या तिथं सांगा." मला त्यांच्या ओसरीवर माफी हवी होती, त्यांना कमिटीसमोर त्यांचं नाव परत हवं होतं. दोन आठवड्यांनी मी कमिटीत उभा राहून बोललो. खजिनदारपद सोडलं.

म्हणून तुमच्या भिशीबद्दल आधी हे शोधा: मधल्या काळात एखादीची पाळी पुढे ढकलली गेली का? कुणावर संशय आला का? कुणाची सून बोलणी खाऊन गप्प बसली का? तसं काही असेल तर त्या बाईपर्यंत जायलाच हवं. जखम जिथवर गेली तिथवर कबुलीने जावं. बायबलमधल्या जक्कय या जकातदाराने चौपट परत देईन म्हटलं ते ज्यांना लुबाडलं त्यांना, नुसतं येशूला बरं वाटावं म्हणून नाही. आणि खरंच कुणाला काही झालं नसेल, तर देवासमोर आणि एका विश्वासू माणसासमोर बोला आणि पुढच्या वर्षी भिशी हातात घेऊ नका.

९. लग्नानंतर माझं एक प्रकरण होतं. ते संपून आठ वर्षं झाली. नवऱ्याला सांगू का?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आहे, पुरुषांकडूनही. एका वाक्यात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, मग ते "सांगून टाक" असो की "कबरीत घेऊन जा".

काही बाबतीत सांगावंच लागतं. प्रकरण चालू असेल तर आधी ते थांबवा. चालू ठेवून दिलेली कबुली म्हणजे नवऱ्याकडे मागितलेली परवानगी होते. आजाराचा धोका असेल तर दोघांची तपासणी हवी आणि ती लपवून होत नाही. मूल कुणाचं हा प्रश्न असेल, घरचा पैसा गेला असेल, किंवा तिसरा कुणी सांगेल अशी शक्यता असेल, तर त्याने ते तुमच्याच तोंडून ऐकावं. आणि त्याने सरळ विचारलं तर खोटं बोलू नका.

यातलं काहीच नसेल, तेव्हा प्रामाणिक विश्वासी माणसांतही मतभेद आहेत. माझं मत सांगतो. आधी फादर, पाळक किंवा विवाह समुपदेशकाकडे पूर्ण कबुली द्या आणि त्यांच्यासोबत हा एक प्रश्न तपासा: मी हे त्याच्यासाठी सांगते आहे की माझी झोप परत यावी म्हणून? आपलं ओझं उतरवून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणं याला मी पश्चात्ताप म्हणत नाही. पण खूप जणांच्या बाबतीत उत्तर असं निघतं की ते लपवण्यासाठी रोज नवं खोटं लागतं, आणि ते खोटं आजचं पाप आहे, आठ वर्षांपूर्वीचं नाही. तेव्हा सांगावं.

सांगायचं ठरलं तर मुलीच्या लग्नाच्या तोंडावर नको, भांडणात नको, फोनवर नको. बारीकसारीक वर्णन नको, त्याने ऐकलेलं चित्र त्याच्या डोळ्यांसमोरून जाणार नाही. लगेच माफीची अपेक्षा करू नका. नवऱ्याच्या मारहाणीची भीती असेल तर तुमची सुरक्षितता आधी. एकटीने सांगू नका, आणि महिला हेल्पलाइन १८१ व पोलिसांचा ११२ हे नंबर जवळ ठेवा. जीव धोक्यात घालून कबुली द्यावी असं देवाने कुठेही मागितलेलं नाही.

१०. दर महिन्याला तेच पाप, तीच कबुली. देवाला कंटाळा येत नसेल का?

येशूने पेत्राला सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करायला सांगितलं. जे पेत्राकडून मागितलं त्याहून कमी तो स्वतः करेल असं मला वाटत नाही. पण दारू असो की रात्री मोबाइलवर बघितलं जाणारं घाण काही, नुसत्या कबुलीने सवय सुटत नाही. नीतिसूत्रे २८:१३ मध्ये दया कुणाला मिळते? पाप कबूल करून ते सोडणाऱ्याला. ते सोडायला साधनं लागतात. दारू असेल तर व्यसनमुक्तीचा गट आणि डॉक्टर लागतात, मोबाइल असेल तर तो झोपायच्या खोलीबाहेर ठेवावा लागतो, आणि दर आठवड्याला "कसं चाललंय?" विचारणारा एक माणूस लागतो. औषधोपचार घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे.

११. कबुली दिली, क्षमेचं वचनही वाचलं, तरी मोकळं वाटत नाही. म्हणजे क्षमा झालीच नाही?

योसेफाच्या भावांची गोष्ट शेवटपर्यंत वाचा. योसेफ १७ वर्षांचा असताना त्यांनी त्याला विकलं. तो मिसरचा राजा फारो याच्यापुढे उभा राहिला तेव्हा ३० चा होता, मग सुकाळाची सात वर्षं आणि दुष्काळाची दोन. म्हणजे सुमारे २२ वर्षं त्यांनी बापासमोर तोंड मिटून ठेवलं. दुष्काळात धान्यासाठी मिसरात गेल्यावर जरा अडचण आली तर पहिलं वाक्य हेच निघालं की आपण भावाचा आक्रोश ऐकला नाही त्याची ही फेड. मग योसेफाने त्यांना मिठी मारून माफ केलं, गोशेनात वसवलं. त्यानंतर बाप १७ वर्षं जगला. आणि बाप वारल्याबरोबर भाऊ पुन्हा घाबरले, की आता हा सूड घेईल. ते ऐकून योसेफ रडला.

१७ वर्षं क्षमेच्या अन्नावर जगूनही त्यांना ती खरी वाटली नव्हती! क्षमा आणि क्षमेची जाणीव एकाच दिवशी येतात असं नाही. अशा वेळी तेच पाप पुन्हापुन्हा कबूल करत बसू नका. आठवण आली की "याची क्षमा झाली आहे" हे मोठ्याने म्हणा आणि हातातलं काम पुढे चालू ठेवा. महिनोन्महिने झोप, भूक गेली असेल, जगू नये असं वाटत असेल, तर ते दुखणं आहे. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. आजच फोन करा.

१२. लहानपणी नात्यातल्या माणसाने माझ्याशी वाईट केलं. मी कुणाला सांगितलं नाही. हे लपवलेलं पाप मी कबूल करायचं का?

नाही. हे तुमचं पाप नाही. गप्प राहिलात हेही पाप नाही. सांगायचं असेल तर वेदना म्हणून सांगा. आणि कुणी तुम्हाला "तूही क्षमा माग" म्हणत असेल, तर त्या माणसाकडे परत जाऊ नका.

ज्याने असं केलं आहे त्याच्यासाठीही लिहितो, कारण तेही विचारतात. देव क्षमा करतो, पण शिक्षा चुकवायची ती पळवाट नाही. नाथान संदेष्ट्याने दाविद राजाला क्षमेचा निरोप दिला आणि त्याच दमात परिणामही सांगितले. अल्पवयीन मुलावर अत्याचार होत असल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. म्हणून आमच्या गटात या एका बाबतीत गुप्ततेचं वचन आम्ही देत नाही आणि बोलणं सुरू होण्याआधीच तसं सांगतो. मूल आज धोक्यात असेल तर १०९८.

१३. आमच्या सभेत पास्टर सगळ्यांसमोर उभं करून पाप सांगायला लावतात. न सांगणं म्हणजे गर्व का?

मत्तय १८:१५ मध्ये प्रभूने सांगितलेला क्रम एकांतापासून सुरू होतो. मंडळी सगळ्यात शेवटी येते, तीही माणूस ऐकतच नसेल तर. पाप सगळ्यांसमोर झालं असेल, मंडळीचा पैसा किंवा विश्वास गेला असेल, तर सगळ्यांसमोर बोलणं योग्य आहे. एरवी माइकवर खाजगी पाप वदवून घेणं मला चूक वाटतं. तरुण मुलींना असं उभं केलेलं पाहिलं आहे. तिथून उठून बाहेर जा.

१४. गर्भपात केला होता. याला क्षमा आहे? की हेच ते अक्षम्य पाप?

क्षमा आहे. मार्क ३:२९ मध्ये पवित्र आत्म्याविरुद्धच्या निंदेबद्दल सांगितलं आहे. डोळ्यांसमोर देवाचं काम दिसत असून त्याला सैतानाचं काम म्हणणाऱ्या शास्त्र्यांना उद्देशून ते बोलणं आहे. आपण ते पाप केलं असेल या भीतीने जो रडतो त्याचं मन अजून देवाकडे वळलेलंच आहे. कॅथलिक वाचकांसाठी: या पापाची क्षमा देण्याचा अधिकार पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये सगळ्याच फादरना कायमचा दिला, त्यामुळे बिशपकडे जावं लागेल ही जुनी भीती ठेवू नका. आणि तो निर्णय घरच्यांनी लादला असेल तर ओझंही एकटीने वाहायचं नाही. जोराने ढकलणाऱ्यांनीही देवासमोर यायचं आहे.

१५. ज्याचं वाईट केलं तो माणूसच वारला. आता कुणाची माफी मागू?

देवासमोरची कबुली तर राहतेच. त्याशिवाय काही करावंसं वाटणं स्वाभाविक आहे. आमच्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी मोठ्या भावाची जमीन कागदोपत्री आपल्या नावावर करून घेतली होती. भाऊ गेला तेव्हा दोघांचं बोलणं नव्हतं. २ नोव्हेंबरला कॅथलिक कुटुंबं कबरींवर मेणबत्त्या लावतात, तसे तेही दरवर्षी दफनभूमीत जाऊन मेणबत्ती लावत आणि रडून येत. आम्ही त्यांना विचारलं, भावाची मुलं कुठे असतात? मुलगी कामठीला होती. मेणबत्ती लावायला ते अजूनही जातात. मात्र गेल्या वर्षी आधी वकिलाकडे गेले, मग कामठीला, आणि दफनभूमीत पुतणीला सोबत घेऊन गेले. ती त्यांच्याशी अजून फारसं बोलत नाही.